तीन पायांची गोष्ट

चार पायांचं टेबल कधी ना कधी डुगडुगतंच. मग आपण एका पायाखाली कागदाची घडी सरकवतो आणि वेळ मारून नेतो. तीन पायांच्या वस्तूला ही घडी लागत नाही. जमीन कितीही वेडीवाकडी असो, तिन्ही पाय टेकतात म्हणजे टेकतातच. तीन बिंदूंतून एक आणि एकच पातळी जाते, हे भूमितीच्या पुस्तकात नंतर आलं. आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक होतं. चूल मांडायची तर तीन दगडांची. देवघरात शंखाखालची अडणी तीन पायांची, बसायची तिवईही तीन पायांची. ज्या चौकटीला बांधून गुन्हेगाराला फटके मारायचे, ती तिकटीसुद्धा तीन लाकडांचीच. थोडक्यात काय, जे हलता कामा नये ते तीन पायांवर ठेवावं.

तर मंडळी, आज ट्रायपॉडबद्दल लिहायचं आहे. नमनाला घडाभर तेल झालंच आहे, पण कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत आमच्या मिरजोळ्यात आणि आजूबाजूच्या वाड्यांत लांब नळकांड्यासारख्या लेन्स घेऊन फिरणारी मुलं दिसायला लागली आहेत. एमआयडीसीत पाळी संपवून येतात आणि रविवारी पहाटे सड्यावर जातात. आमच्या नात्यातलेही दोघेतिघे त्यांत आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच: "दादा, स्वस्तातला पण दणकट ट्रायपॉड कुठला?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण कुठल्याही वस्तूची कुळकथा पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे घरच्यांना माहीत आहेच.

ट्रायपॉड कॅमेऱ्यासाठी जन्माला आलेला नाही. तो आला मोजणीतून. आमचे एक आप्पा मोजणी खात्यात होते. लहानपणी त्यांच्या खांद्यावर ते लाकडी तीन पाय पाहिले की मला ती बंदूक वाटायची. आप्पा म्हणायचे, यंत्र कधी चुकत नाही, त्याच्याखालची जमीन आणि त्याच्यामागचा माणूस चुकतो. या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजायला घेतली आणि हिंदुस्थानची ती प्रचंड त्रिकोणमितीय मोजणी सुरू झाली. त्याचा मोठा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला, वजन सुमारे अर्धा टन. येताना तो फ्रेंचांच्या हाती सापडून मॉरिशसला पोचला आणि त्यांनी तो सभ्यपणे परतही केला. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून तो आपटला, तेव्हा लॅम्बटनने कित्येक आठवडे खपून तो पुन्हा कामाला लावला.

या मोजणीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचे बुरूज. मोठ्या ठाण्यांवर यंत्रासाठी मधोमध एक दगडी खांब असे. माणसाची उभं राहायची जागा भोवतीने, पण त्या खांबापासून सुटी. मध्ये फट. माणसानं पाय हलवला तरी धक्का यंत्रापर्यंत जाऊ नये म्हणून. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना पुरतं कळलं होतं की लांबचं पाहायचं असेल तर जवळची थरथर आधी तोडावी लागते. ही फट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

छायाचित्रण आलं १८३९ मध्ये. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्या वेळी काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा, अशी पद्धत होती. प्रकाश आत घ्यायला काही सेकंद तरी लागत. तेवढा वेळ कॅमेरा हातात धरणार कोण? त्यामुळे ट्रायपॉड ही तेव्हा आवडीनिवडीची बाब नव्हती. कॅमेरा म्हटला की खाली तीन लाकडी पाय आलेच. पेटी, काचा, रसायनं, काळा तंबू आणि तिपाई, असा सगळा संसार माणसांच्या डोक्यावर आणि बैलगाडीत. त्या सामानात वाघ किंवा पक्षी टिपणं शक्यच नव्हतं. देवळं आणि डोंगर टिपता येत होते, कारण ते पळून जात नाहीत :)

आपल्याकडच्या निसर्गचित्रणाची सुरुवात कुठून मानायची? माझं उत्तर जरा वेगळं आहे. मी ती एका वाटाण्यापासून मानतो. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'ला भांडवल हवं होतं आणि कोणी पैसे लावायला तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि त्याचं उगवणं थोडं थोडं करत महिनाभराहून अधिक काळ टिपलं. 'अंकुराची वाढ' हा तो मिनिटभराचा चित्रपट. तो पाहिल्यावर भांडवल उभं राहिलं. या गोष्टीत सगळे दादासाहेबांच्या चिकाटीचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण जरा कॅमेऱ्याच्या खाली पाहा. महिनाभरात तो कॅमेरा बोटभर जरी सरकला असता, तर पडद्यावर अंकुर वाढण्याऐवजी कुंडी नाचली असती. मराठी माणसाच्या पहिल्या चित्रपटाचं भांडवल एका न हललेल्या बैठकीवर उभं राहिलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

याच धर्तीचं दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. विलायती कॅमेरा मिळेना, तेव्हा बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांसह १९१८ च्या सुमारास स्वतःच कॅमेरा बनवला आणि त्यावर १९२० चा 'सैरंध्री' काढला. स्वस्त आणि दणकट हवं असेल तर बाजाराच्या आधी आपल्या कारागिराकडे पाहावं, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. तिचाही पुढे उपयोग होणार आहे.

त्यानंतर मात्र तिपाईचे दिवस फिरले. १८८८ चा कोडॅक आणि १९२५ चा लायका यांनी कॅमेरा हातात आणला, खिशात आणला. तीन पाय स्टुडिओत आणि लग्नाच्या मांडवात उरले. पण ज्यांना पक्षी टिपायचे होते त्यांची अडचण वेगळी होती. इंग्लंडच्या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये घरट्यातल्या अंड्यांचा फोटो घेतला. त्यांच्याकडे लांब लेन्स नव्हती, म्हणून जवळ जावं लागे. जवळ गेलं की पक्षी उडे. त्यावर उपाय म्हणून १९०० मध्ये त्यांनी चक्क एक पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासकट दडून बसले! आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्यानं वाघाच्या वाटेवर तार लावली, वाघाचा पाय पडला की वाघ स्वतःचा फोटो स्वतः काढणार. त्यांचं पुस्तक १९२७ चं. सलीम अली यांच्याबरोबर फिरून लोक वान थो या सिंगापूरच्या सिनेमाधंद्यातल्या धनाढ्यानं आपल्याकडचे पक्षी टिपले आणि १९५७ मध्ये पुस्तक केलं. या सगळ्या जुन्या मंडळींची रीत एकच होती. स्वतः लपायचं, पण कॅमेरा जवळ न्यायचा.

लांब लेन्स आली तेव्हा ही रीत उलटी झाली. आता आपण लांब राहायचं आणि जवळचं दिसायचं. इथे ते तीन पाय पुन्हा हजर झाले. का, ते आकड्यांत सांगतो, कंटाळू नका. समजा फोटो घेताना कॅमेरा एका अंशाचा फक्त साठावा भाग वळला. पन्नास मिलिमीटरच्या साध्या लेन्सवर त्यामुळे चित्र सुमारे दीड शतांश मिलिमीटर सरकतं. आजच्या सेन्सरवरचा एक ठिपका चार सहस्रांश मिलिमीटरचा धरला, तर हे झाले तीन-चार ठिपके. सहसा लक्षातही येत नाही. तेवढंच वळणं सहाशेच्या लेन्सवर सुमारे पावणेदोन दशांश मिलिमीटर होतं, म्हणजे त्रेचाळीसच्या आसपास ठिपके. पिसांचा लगदा. लेन्स पक्ष्याला जेवढं मोठं करते तेवढंच आपल्या थरथरीलाही मोठं करते. तिच्या लेखी दोन्ही सारखेच.

१९९५ पासून थरथर पोटात घेणाऱ्या लेन्स बाजारात आल्या. आता ट्रायपॉड संपला, असं पुष्कळांना वाटलं. पुढे २०१३ ते २०१५ या दोन वर्षांत टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० आली. पूर्वी गाडीच्या किमतीत मिळणारी लांबी दुचाकीच्या किमतीत मिळायला लागली. आमच्या वाडीतली मुलं लेन्सवाली झाली ती इथून. या लेन्स दोन किलोच्या आसपास. कॅमेरा धरून तीन किलो समजा. उडता पक्षी टिपायला हातातच बरी, तिथे तिपाई आड येते. पण झाडाखालच्या मिणमिणत्या उजेडात, सकाळी सहाला, एकाच फांदीकडे तीन तास पाहत बसायचं असेल तर? लेन्समधली यंत्रणा थरथर घालवेल, दंडातली कळ नाही घालवणार. आणि कळ आली की माणूस चुळबुळ करतो, चुळबूळ झाली की पक्षी जातो.

आता मूळ प्रश्न. काय घ्यावं?

पहिली गोष्ट, खोक्यावरच्या 'अमुक किलो पेलतो' या आकड्यावर जाऊ नका. तो मोजण्याची सगळ्या कंपन्यांची मिळून एक अशी पद्धत नाही. शिवाय तो सांगतो तिपाई मोडणार किंवा घसरणार नाही एवढंच. थरथरणार किती, हे सांगत नाही. त्यापेक्षा पायाच्या नळीची जाडी बघा. नळीचा पत्रा तेवढाच ठेवून व्यास बावीसवरून अठ्ठावीस मिलिमीटर केला, तर तिचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. ताकद वजनात नसते, घेरात असते. वेळूचं बेट पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, पायांचे तुकडे जेवढे कमी तेवढं बरं. प्रत्येक पुढची नळी आधीच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटरनं बारीक असते. पाच तुकड्यांची तिपाई पिशवीत मावते खरी, पण सगळा भार शेवटी पेन्सिलीएवढ्या नळीवर उभा. तीन तुकड्यांची घ्या, प्रवासात जरा अडचण सोसा.

तिसरी, मधला दांडा. तो वर ओढला की तीन पायांची पुण्याई संपली, उरला एक पाय. तो नसलेली तिपाई मिळाली तर उत्तम. असला तर वर करू नका.

चौथी, वरचं डोकं. गोल गोळीचं डोकं लांब लेन्सला तापदायक, स्क्रू सैल केला की लेन्स मान टाकते. १९९० च्या दशकात अमेरिकेत विंबर्ली यांनी झोपाळ्यासारखं डोकं रूढ केलं. त्यात लेन्सचं वजन मध्यावर तोललं जातं, मग एका बोटानं फिरवा आणि सोडा, जिथल्या तिथे राहते. त्याच्या धर्तीवरची चिनी डोकी आता बऱ्याच कमी पैशांत मिळतात आणि चांगली चालतात. जोडताना मात्र लेन्सच्या कड्याचा पाय जोडा, कॅमेऱ्याचं बूड नाही.

आणि दुकानातच परीक्षा घ्या. तिपाई पूर्ण उघडा, आपली लेन्स चढवा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं करा आणि लेन्सच्या टोकाला हलकी टिचकी मारा. चित्र किती वेळ डोलतंय ते मोजा. दोन तिपायांची अशी तुलना केली की कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळतं.

कंपन्यांचं म्हणाल तर फ्रान्समध्ये १९१७ साली सुरू झालेली गित्झो आणि इटलीतली मॅनफ्रोटो ही या धंद्यातली जुनी घराणी. गित्झोनं १९९४ मध्ये कार्बनच्या नळ्यांची तिपाई आणली. कार्बन हलका, थरथर लवकर मारतो, आणि महाग. कमी पैशांत काम भागवायचं तर माझ्या मते जाड नळ्यांची, तीन तुकड्यांची ॲल्युमिनियमची जुनी तिपाई शोधावी. लेन्स जुनी झाली की तिच्यात बुरशी शिरते. तिपाईला बुरशीची भीती नाही, फार तर पेच बदलावे लागतात.

पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दणकट उत्तर आप्पांच्या खांद्यावर होतं. मोजणीवाल्यांची लाकडी किंवा ॲल्युमिनियमची तिपाई. वजन पाच-सहा किलो, पाय दोनच तुकड्यांचे, मधला दांडा नाहीच, टोकाला लोखंडी अणी. लाकूड तर थरथर शोषून घ्यायला अजूनही उत्तम. जर्मनीतली बर्लेबाख कंपनी आजही कॅमेऱ्यासाठी लाकडी तिपाया बनवते, ती उगाच नाही. अडचण एकच. मोजणीच्या यंत्राचा पेच पाच अष्टमांश इंचाचा, कॅमेऱ्याच्या डोक्याचा तीन अष्टमांशाचा. मधला सांधा हवा. तो विकत मिळतो, पण आपल्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याला दोन्ही पेच नेऊन दाखवा, तो चहा पिऊन होईस्तोवर काढून देईल. बाबूराव पेंटरांनी अख्खा कॅमेरा बनवला, आपल्याला एक सांधा जमायला हरकत नाही. मी हेच वापरतो. पाठीवर घेऊन मैलभर चालणं मात्र जिवावर येतं, हेही सांगून ठेवतो.

आपल्या कोकणापुरत्या दोन-चार गोष्टी. कातळावर लोखंडी अणी घसरते, तिथे रबरी टाचा लावा. पावसाळ्यात चिखलात उलट. दुपारी खारा वारा सुटला की लांब लेन्सचं शीड होतं, तेव्हा पाय कमी उघडा आणि बुटकं बसा. पहाटे मतलई वारा पडायच्या सुमाराला हवा सर्वांत स्थिर असते. समुद्रावरून आलात तर घरी पाय उघडून गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर मीठ पेच खातं. आणि तिपाईलाही पैसे नसतील तर जुन्या जीनचा एक पाय कापून शिवा, दोन किलो तांदूळ भरा आणि ती पिशवी गडग्यावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवा. जांभ्याच्या गडग्याएवढी भक्कम तिपाई कुठली कंपनी देणार आहे? शेवटी, बटण बोटानं दाबू नका. तार किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. बुरुजातली ती फट ती हीच.

इतकं सगळं कशासाठी, असं कोणी विचारेल. फोटो थोडा हलला तर आभाळ कोसळतं का? नाही कोसळत. पण आमच्याकडे धनेश आहेत. मार्चच्या सुमाराला मादी जुन्या आंब्याच्या किंवा बेहड्याच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. एक चीर तेवढी उघडी. दोन-तीन महिने ती आत, आणि तिचं नि पिल्लांचं पोट त्या चिरेतून नर भरतो. खाली माणसं दिसली की नर येत नाही. झाडाभोवती नुसताच घिरट्या घालतो, चोचीत फळ घेऊन. आत बसलेलीला बाहेर येऊन बघता येत नाही काय झालं ते. एक दिवस निभेल, रोज चार जण आले तर?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी विचलित करणंही मोडतं. बंदूक लागत नाही. कायदा करणाऱ्यांनी हा शब्द विचार करून घातला असणार.

आता एकच हिशेब. धनेश साधारण पासष्ट सेंटिमीटरचा. सहाशेच्या लेन्सनं पन्नास मीटरवरून तो लहान सेन्सरच्या चौकटीची निम्मी उंची भरतो. तेवढाच मोठा तो दोनशेच्या लेन्सनं हवा असेल तर सतरा मीटरवर जावं लागतं. पन्नास मीटरवर नर आपल्याला पाहतो आणि कामाला लागतो. सतरावर तो येईलच असं नाही. हे मधले तेहतीस मीटर लेन्स विकत देते असं आपण समजतो. पण लेन्स हलली तर फोटो येत नाही, आणि फोटो आला नाही की माणसाचे पाय आपोआप पुढे सरकतात. दर वेळी पाच-पाच मीटर. मी हे होताना पाहिलं आहे, आणि सरकणारी मुलं वाईट नव्हती. त्यांना नुसता चांगला फोटो हवा होता.

म्हणून जो विचारेल त्याला मी सांगतो, पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर लेन्स मित्राची मागून आण, पाय स्वतःचे घे.

यंदा आमच्याकडे एका ढोलीचं दार लिंपलेलं आहे. कुठे ते इथे लिहीत नाही, आणि नातेवाइकांनी फोन करूनही विचारू नये. जूनच्या आधी नर चिरेपाशी येणं थांबवेल तेव्हा कळवीन.